बसलेली बाई

“आई, त्या चित्रांचं नको सांगत बसू तिथं,” सम्राट म्हणाला. “बाबासाहेबांच्या घराचं सांग फक्त.”

तो सहजच म्हणाला होता. आरशात बघून कॉलर नीट करत, दुसऱ्या हातानं गाडीची किल्ली चाचपत. आत ओट्यापाशी त्याची बायको मोनाली डबा भरत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू लागला. जाईबाई पलंगाच्या कडेला बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिनं ‘बरं’ म्हटलं, पण पट्ट्याचं छिद्र काही तिला सापडेना. एवढंसं वाक्य ते. शिरूरच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रोज अशी शंभर वाक्यं होतात. गॅस संपत आला, पाणी सुटलं, रांजणगावची बस आज लवकर आहे. कुठलंच अंगाला चिकटत नाही. हे मात्र चिकटलं. जिना उतरताना तिनं कठडा धरला आणि ते वाक्य आपल्या पुढंपुढं पायऱ्या उतरतंय असं तिला वाटलं. चित्रांचं नको. याला चित्रांचं काय माहीत? लंडनहून आल्यावर तिनं त्याला एवढंच सांगितलं होतं, की मोनालीनं एक दिवस चित्रं दाखवायला नेलं, पाऊस होता, आत ऊब होती. त्यावर तो ‘हां’ म्हणाला होता आणि फोनवर कुणाला तरी शिफ्टचं सांगू लागला होता. मग आज हे कुठून आलं?

फेब्रुवारीतला रविवार होता. दौंडच्या जुन्या वस्तीतल्या महिला मंडळानं तिला विहारात बोलावलं होतं. वस्तीतली पहिली बाई साहेबांच्या लंडनातल्या घरी जाऊन आली, तिनं चार शब्द सांगावेत. सम्राट गाडी चालवत होता, ती त्याच्या शेजारी, मोनाली मागं. न्हावऱ्यापर्यंत सम्राटचा फोन चालूच होता. कारखान्यातली लाइन बंद पडली होती, कुणा बिहारी पोराला तो हिंदीत ‘देख के बताओ, अंदाजे से मत बताओ’ असं पुन्हापुन्हा सांगत होता. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर. जाईबाईनं काच खाली केली. वारा आला, पाचटाचा वास आला, आणि तिच्या मनात मात्र ओल्या कोटांचा वास दाटून आला. त्या दिवशी त्या मोठ्या इमारतीत शिरताना आला होता तोच.

मोनालीला कंपनीनं सहा महिने तिकडं पाठवलं होतं. शेवटचे तीन आठवडे तिनं सासूला बोलावून घेतलं. सम्राटला रजा मिळेना. पहिल्याच रविवारी दोघी साहेबांच्या घरी गेल्या. विद्यार्थी असताना ते राहिले ते घर. जाईबाई दारातच उभी राहिली. आत पाय टाकायच्या आधी तिनं चौकटीला हात लावला, आणि तो हात मग दिवसभर तिनं कशालाच लावला नाही, जेवताना मोनालीनं बळंच धुवायला लावला तोवर. ते सगळं सांगायला तिला काहीच अडचण नव्हती. ते ती वाटेत भेटलेल्या कुणालाही सांगू शकली असती. पुढच्या शनिवारचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मोनालीच्या ऑफिसातल्या कुणीतरी दोन पास दिले होते. नदीकाठी पूर्वी वीज तयार करायचा कारखाना होता, त्याचंच आता म्युझियम केलेलं. सेझान नावाचा कुणी फ्रेंच चित्रकार; मरून शंभरावर वर्षं झालेली. त्याची चित्रं देशोदेशींहून मागवून एका छताखाली मांडली होती. मोनालीलाही चित्रातलं कळत होतं असं नाही. पहिल्या दालनांत ती जांभया देत होती. “आई, नुसती सफरचंदं हो.” मग एकच डोंगर, सकाळचा, दुपारचा, ढगातला, पुन्हा तोच. मग पत्ते खेळणारी माणसं; शेतावर राबणारी असावीत, खांदे तसे होते आणि डगले अंगापेक्षा मोठे. जाईबाईला ती बरी वाटली. तिच्या ओळखीतली माणसं सुट्टीच्या दिवशी तशीच बसत, कुणी जिंकल्याचं तोंडावर न दाखवता.

आणि पुढच्या दालनात ती बाई होती. एकच बाई, भिंतीभर. लाल झग्यात, निळ्या झग्यात, पिवळ्या खुर्चीत, केस मागं बांधलेले, हात मांडीवर एकात एक. जाईबाई चालता चालता थांबली, कारण तिच्या डाव्या पायाला एकदम मुंग्या आल्या. उभी असताना मुंग्या येत नाहीत. तिनं पाय आपटला. पुन्हा वर बघितलं. पिवळ्या खुर्चीतल्या बाईनं अंगाचा भार किंचित एका बाजूला टाकला होता. कुणाच्या लक्षात येऊ नये इतका, पण टाकला होता. उजवा खांदा थोडा उतरला होता. हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली होती ती लाजेनं नव्हे; सोडली तर घसरतील म्हणून. मोनाली फोनवर वाचत होती. “ही त्याची बायको. पंचवीसेक वेळा तिला बसवून रंगवलंय. लोक म्हणतात, हिच्या तोंडावर भावच नाहीत, रुसलेली दिसते.”

“रुसली न्हाई गं ती,” जाईबाई म्हणाली. “बसलीय.”

“म्हणजे?”

“बसल्यावर तोंड असंच हुतं. मी बसत हुते ना.”

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो परत घ्यायचा होता. तीसेक वर्षं दातामागं धरलेला शब्द परक्या मुलखात, ओल्या कोटांच्या गर्दीत, असा गळून पडला. मोनालीनं फोन पर्समध्ये टाकला. मधोमध एक लाकडी बाकडं होतं, त्यावर दोघी बसल्या, आणि त्या बाईच्या समोर जाईबाईनं सगळं सांगितलं.

कोंडिबा, तिचा नवरा, दौंडच्या मालधक्क्यावर हमाल होता. पोत्यांची थप्पी ढासळली आणि त्याच्या कमरेखालचं अंग गेलं. हातांतही जोर राहिला नाही. सम्राट तेव्हा पाच-सहा वर्षांचा. शेजारच्या सगुणाबाईनं पोराला आणि कोंडिबाला दिवसभर बघायचं कबूल केलं आणि जाईबाई सकाळच्या गाडीनं पुण्याला जाऊ लागली. एका चित्रकलेच्या कॉलेजात झाडलोट होती. एक दिवस ती वर्गाबाहेर बादली घेऊन उभी असताना अनुपमा मॅडम दारात आल्या. त्या वर्गाला शिकवत. बोटं कायम काळी. “जाईबाई, आमची मॉडेलची बाई आज आली नाही. तुम्ही बसता का?” तिला कळेना. “कुठं?” “इथं. खुर्चीवर.” तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. खुर्चीच्या अगदी काठावर टेकली. मॅडम म्हणाल्या, “तशा नाही. नीट. मागं टेकून. तुम्ही थकलात तर सांगा, आपण थांबू.” जन्मात तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिची आई नकुशी, इनामगावची. बागायतदारांच्या अंगणात ती उभी राहायची. सुपातलं धान्य पदरात पडेपर्यंत उभी, ताक वरून ओतलं जाईपर्यंत उभी. बसायची ती आपल्या चुलीपाशी, तेही उकिडवी, कुणी हाक मारली तर झटकन उठता यावं अशी. आणि इथं तिच्या लेकीभोवती चांगल्या घरची वीस पोरं-पोरी लाकडी घोड्यांवर कागद लावून वाट बघत होती, की ही बाई बसेल आणि आपलं काम सुरू होईल.

पहिला तासभर ती भ्याली. पोरं एक डोळा मिटून पेन्सिल तिच्यावर रोखत, जशी काही गोफणच मारणार. मग कोळसा कागदावर घासल्याचा आवाज सुरू झाला, कोंबड्या उकिरडा उकरतात तसा, चहूकडून, आणि त्या आवाजात हळूहळू तिचं अंग सैल झालं. समोरच्या भिंतीला ओल आली होती. ओलीचा एक डाग उंटासारखा होता. त्याच्यावर तिनं नजर ठेवली. कुणी काही मागत नव्हतं. कोंडिबाचं अंथरूण नव्हतं, सम्राटची फी नव्हती, गाडी चुकायची भीती नव्हती. नुसतं असायचं होतं. पोरं बघत होती. आजवर तिच्याकडं ज्यांनी बघितलं त्यांनी एकतर नजर फिरवली होती, नाहीतर नजर टाकली होती. ही नजर तिच्यावर येऊन थांबत होती; कानाच्या पाळीवर, मनगटाच्या हाडावर, लुगड्याच्या निरीवर. जणू त्या हाडाला काही अर्थ आहे. सुट्टीत एक पोरगी जवळ येऊन म्हणाली, “मावशी, तुमचा कान फार अवघड आहे हो.” त्या संध्याकाळी जाईबाई गाडीत सारखी कानाला हात लावून बघत होती.

त्यानंतर ती जवळजवळ दहा वर्षं बसली. झाडायचीही आणि बसायचीही. ती बसायची ती पूर्ण लुगड्यात, डोईवर पदर घेऊन. पण सांगायचं कसं? वस्तीत नळावर धुरपदानं विचारलं होतं, “काय काम गं पुण्यात?” आणि तिच्या तोंडून खरं तेच निघालं, “बसायचं.” दोन बाया फिसकन हसल्या. दौंडला गाड्या बदलणाऱ्या माणसांत, स्टेशनामागच्या गल्लीत, ‘बसणं’ या शब्दाचा एकच अर्थ होता. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणू लागली, झाडलोट. पण शब्द नळावरून घरोघर गेला होता. पुढं कोंडिबा गेला, सम्राटला डिप्लोमा मिळाला, रांजणगावला नोकरी लागली, शिरूरला घर झालं. खुर्चीवरची ती दहा वर्षं तिनं एखाद्या गाठोड्यासारखी बांधून ठेवली. उघडावीत असं कधी वाटलं नाही. कुणापुढं उघडणार?

लंडनच्या त्या बाकड्यावर मोनालीनं एकच विचारलं होतं. “आई, मग त्या चित्रांचं काय झालं? तुमच्या?”

तिला माहीत नव्हतं. असा प्रश्न असू शकतो हेही माहीत नव्हतं. ती पुन्हा भिंतीकडं बघू लागली. या बाईला कुठून कुठून गोळा करून आणली होती; अमेरिकेतून, फ्रान्समधून, कुणाच्या घरातून, कुणाच्या तिजोरीतून. वेगवेगळ्या देशांत एकएकटी टांगलेली ती इथं स्वतःच्याच शेजारी येऊन बसली होती. तरुण, मग पोक्त, मग थकलेली. आणि जाईबाई? तिचे शेकडो कागद असतील. काही परीक्षेला गेले असतील, काही माळ्यावर सुरळी करून पडले असतील, काही रद्दीत. एखाद्या मुलानं कागद वाचवायला तिच्याच पाठीवर दुसरं काही काढलं असेल. कुणीतरी नाशकात, कुणी सोलापुरात, कुणी परदेशातसुद्धा आपल्या पोराला ‘हे माझं कॉलेजातलं काम’ म्हणून दाखवत असेल, आणि त्यात ती असेल, उंटाकडं बघणारी. ते कुणी गोळा करणार नाही. हे कळलं तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या छातीत काहीतरी भरून आलं ते वाईट वाटण्यासारखं नव्हतं. मी इतक्या ठिकाणी आहे, असं तिला वाटलं. आणि त्या परक्या बाईविषयी इतकी माया दाटली, की गर्दी नसती तर तिनं पुढं होऊन तिची मान चोळून दिली असती. तू बसलीस म्हणून मला हे बघता आलं, बाई. तुझे उपकार. निघताना तिनं हात जोडले. रखवालदार, काळा उंच माणूस, तिच्याकडं बघून हसला आणि त्यानंही मान लववली.

इनामगावचा फाटा गेला. सम्राटचा फोन एकदाचा थांबला होता. “आजी इथलीच ना?” मोनालीनं मागून विचारलं. जाईबाईनं सांगितलं, की ती लहान असताना इथं नदीकाठी पुण्याची माणसं जमीन खणत होती आणि नकुशी त्यांच्याकडं पाट्या उचलायला जाई. एकदा मातीचा मोठा रांजण निघाला, चार पायांचा, आणि त्यात हजारो वर्षांपूर्वीचा माणूस. निजलेला नव्हता. मांडी घालून बसलेला. “आई घरी येऊन म्हनली, त्याला बसवलंय गं. कुणीतरी मायेनं बसवलंय.” सम्राटनं वळून आईकडं एक नजर टाकली आणि गिअर बदलला. पारगावचा पूल, मग चौफुल्याच्या अलीकडं गुऱ्हाळांचा धूर आणि काहिलीतल्या रसाचा गोड, जड वास. जाईबाईनं काच वर केली. चित्रांचं नको. याला माहीत असेल. नळावरचा शब्द शाळेपर्यंत जायला किती वेळ लागतो?

विहारात तिला वर खुर्ची मांडली होती. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या, शेजारी साहेबांचा फोटो, खाली सतरंजीवर बायका. वंदना झाली. नळावरच्या कितीतरी जणी आता नव्हत्या. सगुणाबाई दोन वर्षांमागं गेली. धुरपदा मात्र पहिल्याच रांगेत भिंतीला टेकून होती, दात गेलेले, कान शाबूत. जाईबाईनं साहेबांच्या घराचं सांगितलं. खोली केवढी, टेबल कसं, थंडी किती, आणि त्या थंडीत अर्धपोटी बसून त्यांनी कसं वाचलं असेल. ऐकता ऐकता बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या झाल्या. तेवढ्यावर थांबता आलं असतं. दारात सम्राट चपला न काढता उभा होता.

“आनखी काय बघितलंस गं?” मागून कुणीतरी विचारलं.

जाईबाईनं दाराकडं बघितलं. मग बघणं सोडून दिलं.

“एका बाईची चित्रं बघितली,” ती म्हणाली. “तिच्या नवऱ्यानं काढलेली. ती नुसती बसायची आन् तो काढायचा. तवा कुनी तिला विचारलं न्हाई. आता सगळं जग रांग लावून तिला बघाया येतंय.” तिनं डोईवरचा पदर सारखा केला. “मीबी बसत हुते. पुन्यात, चित्रं शिकवायच्या कॉलेजात. पोरं माझं चित्र काढून शिकायची. तवा मी झाडलोट म्हनत हुते. झाडलोटबी करत हुते. पन बसतबी हुते. तेवढंच सांगायचं ऱ्हायलं हुतं.”

मग धुरपदानं घसा खाकरला.

“ह्ये हुतं व्हय बसायचं?”

“ह्येच.”

“आन् हलायचं न्हाई?”

“न्हाई.”

“माशी बसली तर?”

“बसू द्यायची.”

“आगं आई गं,” धुरपदा म्हणाली. “आम्हाला नुस्तं भाकरी थापताना गप बसवत न्हाई. लई अवघड काम केलंस बाई तू.” आणि ती हसू लागली, बिनदाताचं, तोंडभर, मग तिच्याभोवतीच्या चौघीजणी, मग सगळा विहार. जाईबाईलाही हसू आलं आणि ते आवरेना. एक तरुण मुलगी, शाळेत शिकवणारी, उठून पुढं आली. तिनं वाकून तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि म्हणाली, “मावशी, त्या बाईचं नाव काय होतं?” “ओर्तान्स,” मोनाली मागून म्हणाली. “वर्तास,” धुरपदानं करून बघितलं. “वर्ताबाई म्हना की सरळ.” त्या गडबडीत जाईबाईनं दाराकडं बघितलं तेव्हा तिथं सम्राट नव्हता. त्याच्या चपला मात्र होत्या, उंबऱ्याबाहेर, नीट काढून ठेवलेल्या. तो सतरंजीच्या टोकाला, बायकांच्या मागं, गुडघे मुडपून बसला होता.

परतताना दिवस कलला होता. मोनाली मागच्या सीटवर झोपून गेली. पाटस गेलं, सम्राट उसाच्या ट्रॅक्टरांना मागं टाकत होता. तिचं अंग हलकं झालं होतं, तापातून उठल्यावर होतं तसं. मग तो एकदम म्हणाला, समोर बघतच:

“शाळेत पोरं म्हणायची मला. तुझी आई पुण्यात बसायला जाते. मी एकाचा दात पाडला होता.”

“ठावं हाय मला. मास्तर घरी आले हुते.”

“मी तुला कधी विचारलं नाही.”

“तू ल्हान हुतास रं.”

“नंतर पण नाही विचारलं. कॉलेज चित्रांचं होतं एवढं माहीत होतं, म्हणून सकाळी नको म्हटलं.” त्यानं स्टिअरिंगवरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. “बाबांना माहीत होतं?”

जाईबाईनं बाहेर बघितलं. तोडलेल्या उसाची रानं, कडेला पेटवलेलं पाचट, आणि त्यावरून सरळ आडवा येणारा उजेड.

“पहिल्या दिवशीच सांगितलं. त्येंच्यापासनं काय लपवायचं? मला वाटलं, आता शिवी देत्यात. तर म्हनले, दाव. कशी बसतीस ती दाव. मग मी पत्र्याची ट्रंक हुती ना आपली, ती दारापाशी वढली आन् बसले. त्ये निजूनच. मान तेवढी वळवली. लई वेळ बघितलं. आन् म्हनले, जाई, धा वरसं झाली लग्नाला, तुझ्या हनुवटीला खळी हाय ते आज दिसलं.” ती हसली. “मग दर रइवारी म्हनायचे. बस गं जरा. मी बसायची. कागुद न्हाई, पेन्सिल न्हाई. हातात धरताबी येत नव्हती त्येंला. नुस्तं बघायचे. जाईपोतर बघत हुते.”

सम्राटनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. एक ट्रॅक्टर गाणं लावून शेजारून गेला आणि त्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. त्यानं पट्टा सोडला आणि तो पुरता आईकडं वळला. अडतीस वर्षांचा, केस विरळ झालेला, डोळे भरलेला माणूस.

“कुठंय खळी?” तो म्हणाला. “मला कधी दिसली नाही.”

“आता म्हातारपनी काय दिसतीया,” जाईबाई म्हणाली. आणि तिनं तोंड उजेडाकडं केलं.